शिवेबाहेर टाकलेलं नाव

८ नोव्हें., शनि.
अंगणवाडीत खिचडी शिजत होती, तेवढ्यात पर्यवेक्षिका मॅडमचा फोन. आमच्या आश्रमशाळेच्या चौकशीला मुंबईहून समिती येतेय, जव्हारला बसणार. "मंजू, तुला पोरींची भाषा येते, मराठीपण चांगलं आहे. दुभाषी म्हणून तुझं नाव दिलंय." विचारलं नाही. दिलंय!
मी त्याच शाळेत शिकले हे मॅडमला माहीत नाही. सातवीत असताना अधीक्षकाने माझ्याशी काय केलं ते तर आई, बा आणि भगत सोडून कुणालाच नाही. चंदूलासुद्धा नाही. लग्नाला बारा वर्षं होतील.
आता नववीतल्या एका पोरीने तोंड उघडलंय. अधीक्षक तोच. इथून पुढे नुसतं अ. लिहीन, अख्खा शब्द लिहायची किळस येते.
समितीसमोर मला माझंही सांगायचंय. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या माघार घेता येणार नाही.

११ नोव्हें., मंगळ.
पोरीला भेटून आले. तिचं खरं नाव इथेही नको, मी तिला ठकी म्हणेन. जामसरच्या पुढच्या पाड्यावर आजीजवळ आहे. आई-बाप वीटभट्टीवर, भिवंडीकडे. दिवाळी झाली की सगळा पाडा तिकडेच, मागे म्हातारी माणसं आणि कुत्री. आणि ह्या शहाण्यांनी सुनावणी नेमकी आत्ता लावली! मग लिहायला मोकळे, पालक गैरहजर.
पोलीस म्हणतात, आधी समितीचा अहवाल येऊ दे. शाळेने काय केलं? अ.ची बदली केली. संस्थेच्याच दुसऱ्या आश्रमशाळेत, मोखाड्याकडे. तिथे चंदू स्वयंपाकी आहे. रोजंदारीवर.

१४ नोव्हें., शुक्र.
आईकडे गेले. नागलीचं खळं चालू होतं. हळूच विषय काढला, तर सूप खाली ठेवून आत निघून गेली. मागनं गेले तर म्हणाली, "शिवेबाहेर टाकला तो परत घरात आणू नको बाय."
तेव्हा मी शाळेतून पळून आलेले, अंगात ताप. बाने भगत बोलावला. त्याने सुपात तांदूळ बघितले, कोंबडं उतरवलं, गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकलं. म्हणाला, आता त्या माणसाचं नाव तोंडी आणायचं नाही, आणलं तर परत अंगात शिरेल. सुट्टी संपल्यावर बानेच मला शाळेत नेऊन सोडलं. घरी खायला काय होतं?
बाचा राग येत नाही. पण ते नाव मी आजवर कधी मोठ्याने उच्चारलेलं नाही. एवढी शिकले, गावभर पोषणावर भाषणं देते, आणि अजून भीती वाटते. कप्पाळ माझं.

१७ नोव्हें., सोम.
चंदू सुट्टीवर आला. जेवताना म्हणतो, "नवे साहेब माणूस बरा आहे. भाजीला नावं ठेवत नाही."
उठले आणि भांडी घासायला बाहेर गेले. घासलेलीच परत घासली.

२० नोव्हें., गुरु.
आज सुनावणी होती.
रेस्ट हाऊसचा हॉल. समितीच्या मॅडम, दोन साहेब, आणि कोपऱ्यात आमचे मुख्याध्यापक, शाळेचे प्रतिनिधी म्हणून. मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, "तुमचा ह्या शाळेशी काही संबंध?" मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणाले. मनात हिशेब असा की आधी पोरीचं होऊ दे, मग शेवटी उठून माझं सांगते. संबंध आहे म्हणाले असते तर दारातूनच परत पाठवलं असतं.
ठकीने सगळं सांगितलं. खाली बघत, पण सगळं. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. वाक्यं तिची, पण खोली तीच, कोठीच्या शेजारची.
मग मॅडम म्हणाल्या, "कोणी केलं? नाव सांग." ठकी गप्प. परत विचारलं. गप्प. भट्टीवर जायच्या आधी तिच्या आईनेही भगताकडून उतरवून घेतलंय, आजीने मला सांगितलं होतं. मी मॅडमना म्हटलं, नाव घ्यायची तिला बंदी आहे, फोटो दाखवून विचारा, बोट दाखवेल. मुख्याध्यापक लगेच, "दुभाषी शिकवतेय बघा!" मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही फक्त भाषांतर करा." आणि लिहायला घेतलं. तोंडाने बोलतही होत्या, मुलीने नाव सांगण्यास नकार...
मी नाव घेतलं. मोठ्याने. आडनावासकट.
"तुम्हाला कसं माहीत?"
"मला माहीत आहे," म्हटलं. माझं सांगायचं ते तसंच राहिलं.
काम थांबलं. चहा आला. दुपार मोकळी मिळाली म्हणून ते दोन साहेब शिरपामाळ बघायला गेले. हवा छान आहे म्हणे.

२१ नोव्हें., शुक्र.
मॅडमचा फोन. समितीतली बाई वाईट नाही, आवाजात माया होती, तोच जास्त त्रास. ठकीचा जबाब धरता येणार नाही म्हणाल्या, दुभाषीचा संबंध निघतो. चार तारखेला नव्याने घेणार. नवा दुभाषी शाळा देणार. शाळा! म्हणजे चोराच्या हातात किल्ली. माझ्यावर काय गुजरलं ते त्यांनी न सांगताच ओळखलं होतं.
"आणि माझं?"
"तुमचं फार जुनं आहे हो. आमच्याकडे ह्या वर्षीची तक्रार आहे. साक्षीदार म्हणून अर्ज करा, मी प्रयत्न करते. पण मग दुभाषी म्हणून आत नाही बसता येणार."
थोडं थांबून म्हणाल्या, "ते नाव तुम्हाला मुलीनेच आधी सांगितलं होतं, असं असेल तर वेगळं. मग तुम्हीच राहू शकता."
म्हणजे खोटं बोलले तर पोरीचं वाचतं आणि मी कायमची गप्प. खरं बोलले तर ती शाळेच्या माणसाच्या तावडीत. कुठेही वळा, भिंतच.

२४ नोव्हें., सोम.
मुख्याध्यापकांनी चंदूला फोन केला. "मिसेसना समजवा. तुमचं परमनंटचं चाललंय, उगाच कशाला." तो तसाच घरी आला. आधी भडकला. "तुला काय पडलंय दुसऱ्याच्या पोरीचं?"
मग सांगितलं. चुलीपुढे बसून, त्याच्याकडे न बघता.
तो एवढंच म्हणाला, "मी त्याला रोज गरम भाकरी वाढतो."
आणि बाहेर जाऊन ओकला.

२७ नोव्हें., गुरु.
चंदू ड्युटीवर गेलाय. नको जाऊ म्हटलं. म्हणाला, "तिथं पण पोरी हायेत ना. कोणीतरी नको का बघायला?" मला कसलं रडू आलं! ह्या माणसापासून मी बारा वर्षं लपवलं.
संध्याकाळी त्याचा फोन. सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलंय. कारण विचारलं तर स्वयंपाक नीट नाही. हरामखोर.

२ डिसें., मंगळ.
ठकीची आई भट्टीवरून आली. मुकादम सोडत नव्हता, भांडून आली. माझे हात धरून म्हणते, "बाय, तूच बस तिच्या बाजूला. दुसऱ्या कोणासमोर ती बोलायची नाय."
हो म्हटलं. मग काय म्हणणार?
अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय, साक्षीदार म्हणून. आणि मॅडमना सांगायचं वाक्यही पाठ केलंय, मुलीनेच आधी सांगितलं होतं म्हणून. दोन्ही तयार. लाज वाटते.

४ डिसें., गुरु.
रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. गारठा आहे. शाळेची दुभाषी आलीये, वसतिगृहातली बाई. मुख्याध्यापकांच्याच गाडीतून उतरली. ठकीच्या आईशी गोड बोलतेय. मॅडम येऊन विचारून गेल्या, "काय ठरलं तुमचं? पाच मिनिटांत सांगा."
ठकी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, माना दुभाषी नको, मी मराठीतच सांगन, मोडकातोडका.
"आणि नाव?"
"नाव पन घेन."
"भगताने सांगितलेलं?"
माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू घेतलास ना त्या दिवशी. तुला काय जाला? काय नाय जाला."
चंदू फाटकाबाहेर उभा आहे, चार दिवस बिनकामाचा. आईने माझ्याशी बोलणं टाकलंय. रात्री झोप नाही. आणि ही पोर माझ्या तोंडाकडे बघतेय, खरं सांग म्हणून.
"नाय," म्हटलं. "काय नाय जाला."
ती ओढणी नीट करून उठली. मी पर्समधला साक्षीदाराचा अर्ज काढून हातात घेतला. आतून अजून हाक आलेली नाही. आली की आधी कोणी जायचं, ते आमचं ठरायचंय.