कोळशाचे पापुद्रे

रविवार, दुपार

चि. शहाणीस,

आजीचा आशीर्वाद. द्यावाच लागतो, म्हणून दिला.

इकडे सगळं ठीक. नळ गळतो, शेजारीण बडबडते, माझे गुडघे अजून मेले नाहीत. अक्षर वाकडं आहे, पण तू शिकलेली, लावशील.

तुझा बाप बरा आहे. म्हणजे कामावर जातो. कारखान्यात पोत्यातली ती काळी पूड रंगात ओततो. सुटी झाली की सगळे बाप्ये हवेच्या नळीने एकमेकांचे कपडे झाडतात, पोरंटोरं असल्यासारखे खिदळत. घरी स्वच्छ जायचं म्हणे! कपडे स्वच्छ, धूळ नाकात. सकाळी बेसिनमध्ये थुंकतो ते राखाडी असतं.

गेल्या खेपेला तो आंघोळीला गेला तेव्हा तूच सांगितलंस ना? "आजी, ही पूड म्हणजे कोळशाचे पापुद्रे. इतके पातळ, की कड सुरीसारखी पेशीच्या आवरणात शिरते, त्यातली चरबी ओढून काढते. बारका तुकडा पेशी गिळते, मोठा तिला गिळवत नाही." आणि लगेच शेपूट घातलंस. "पण रक्तातली प्रथिनं चिकटली की धार बोथट होते. अजून नक्की नाही गं. बाबांना बोलू नकोस, उगाच घाबरतील."

वा गं वा! प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींचा एवढा कळवळा, आणि बापाच्या छातीत काय भुसा भरलाय? तू मात्र तोंड बांधून, काचेच्या पेटीत हात घालून काम करतेस.

मी त्याला मास्क लाव म्हटलं. हसला. "आई, तुला काय कळतंय त्यातलं? माझी लेक त्याच पुडीवर काम करते. धोका असता तर पहिलं मला नसतं सांगितलं तिनं?" मान अशी ताठ, जशी पूड यानंच शोधून काढली.

ऐकलंस? तुझ्या गप्प बसण्यावर तो श्वास घेतोय.

डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला सांगितलाय. जात नाही. कारण तेच.

पत्र मिळेल त्या दिवशी फोन कर. मला नको, त्याला. नळी बंद, मास्क लाव, फोटो काढ, एवढं बोल. नक्की नाही तर नक्की नाही म्हण, पण त्याच्या तोंडावर म्हण.

तेवढं जमत नसेल, तर मलाही उत्तर धाडू नकोस.

तुझ्या बापाची आई