भिंतीतला आकडा

दिनांक ३ ऑक्टोबर, गुरुवार

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत हे आधी विचारते, कारण पुढे सगळं कामाचंच आहे.

तुमची चिठ्ठी मंगळवारी पोचली. ‘काम म्हणून बोलावते आहे, नातं म्हणून नाही,’ असं पहिल्याच ओळीत लिहिलंत ते बरं केलंत. माणूस उगाच आशेवर राहत नाही. फोन न करता लिहून कळवलंत तेही बरंच. फोनवर तुम्ही बोलला नसतात आणि मला सुचलं नसतं.

सासूबाईंच्या खोलीची भिंत पुन्हा काळी पडली आहे, रंगाचे पोपडे आलेत, कपाट उघडलं की कुबट वास येतो, हे वाचलं. दोन कामवाले येऊन गेले आणि दोघांनीही वरून औषध फवारून रंग मारायला सांगितलं, हेही वाचलं. त्यांना काम दिलं नाहीत ही तुमची हुशारी. रंग दिल्याने बुरशी जात नाही, नुसती पदराआड होते. आमचे मिस्त्री म्हणतात, “बुरशी पाहुण्यासारखी असते वहिनी. पाणी विचारलं की मुक्काम ठोकते.” तेव्हा आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, मग पाहुणीला घालवायचं. मिस्त्री म्हणजे ह्यांच्या वेळेपासूनचे तेच. आता डोकं पूर्ण पांढरं झालंय, जीभ तशीच आहे.

डिसेंबरात नातीला त्या खोलीत राहायला आणायचंय आणि तिची छाती नाजूक आहे, असं लिहिलंत. म्हणजे काम नीटच व्हायला हवं. मी मंगळवारी येते. तोवर भिंतीला हात लावू नका, पुसू नका, कोरडा झाडू तर मुळीच फिरवू नका. ती काळी पूड उडाली की घरभर होते. कपाट जमलं तर कुणाकडून तरी हातभर पुढे ओढून घ्या. गाद्या आणि कागद त्या खोलीतून आत्ताच बाहेर काढू नका, ते मी गुंडाळून काढीन.

काम चालू असताना तुम्ही घरात राहू नये. आठ-दहा दिवस लेकीकडे जा. तिचा पत्ता चिठ्ठीवर आहेच, मी तिथे लिहीन. किल्ली शेजारी ठेवा.

भिंत मी एकटीच उघडणार आहे. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येतील. खोली प्लास्टिकने बंद केली की आत जितकी माणसं कमी तितकं बरं, म्हणून.

त्या दोघा कामवाल्यांनी भिंतीला कुठे भोक पाडून आत पाहिलं होतं का? पाडलं असेल तर कळवा. किती मोठं आणि कुठल्या उंचीवर, तेही कळवा.

माझी तब्येत ठीक. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, अजून सकाळी चहाचे दोन कप खाली काढते, मग एक परत ठेवते. आठवड्याला वाचनालयातून दोन पुस्तकं आणते. एकदा वाचून कळलं नाही तर दुसऱ्यांदा वाचते. वेळ आहे.

कामाला येणारी,
भावजय


दिनांक ११ ऑक्टोबर, शुक्रवार

ती. वन्संना,

नमस्कार. लेकीकडे आराम पडत असेल.

काम नीट चाललं आहे. मंगळवारी दाराला प्लास्टिक लावलं, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. बुधवारी भिंत उघडली. वरून डाग छातीइतक्या उंचीपर्यंत दिसत होता, आतून तो पार वरपर्यंत गेलेला होता. पाणी मारून भिजवून लाकडी सांगाड्यावरच्या फळ्या कापल्या, पिशव्यांत बांधून बाहेर काढल्या. तुमच्या आईची एक गादी आणि कपाटातला खालचा कप्पा टाकावा लागला. चादरी वाचतील.

पाणी न्हाणीघराच्या नळातून येत होतं. भिंतीमागे पाइपाचा सांधा आहे, त्यातून थेंब गळतो. सतत नाही, कुणी नळ सोडला की मगच. प्लंबरने काल तो तुकडा बदलला. आता भिंत उघडीच ठेवून लाकूड वाळवायचं. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावलंय, त्याची बादली दिवसातून दोनदा भरते.

मिस्त्रींनी विचारलंय की त्यांनी तुमच्या चहाच्या डब्यातली साखर संपवली तर चालेल का. संपवून झाल्यावर विचारतायत.

बाकी आत विशेष काही नव्हतं.

भावजय


दिनांक १४ ऑक्टोबर, सोमवार

वन्सं,

शुक्रवारच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते लिहून पत्र पेटीत टाकलं, आता परत काढता येत नाही. म्हणून हे दुसरं.

आमच्या कामातली एक रीत तुम्हाला माहीत नसेल. भिंत बंद करण्याआधी आतल्या लाकडाची ओल मोजतात. यंत्राच्या दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा येतो. पंधराच्या खाली म्हणजे कोरडं. विसाच्या वर गेला तर बुरशीला आमंत्रण. तो आकडा पेन्सिलीने तिथेच लाकडावर लिहायचा, तारीख घालायची, आणि मगच फळ्या ठोकायच्या. पुढे कधी कुणी भिंत उघडली तर त्याला कळावं की आधीच्याने काय पाहिलं होतं. बाहेरून हे कुणाला दिसत नाही. ह्यांनी ती रीत कधी मोडली नाही.

अकरा वर्षांपूर्वी तुमच्या आईची भिंत उघडली तेव्हा आम्ही दोघं तुमच्याकडेच उतरलो होतो. तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा नुकती आकडे लिहायला लागले होते. अक्षरं जेमतेम लागायची, पण आकडे पक्के झाले होते. ह्यांनीच शिकवले, औषधाच्या डब्यांवरून आणि त्या यंत्रावरून. चौथ्या दिवशी हे फळ्या आणायला गेले आणि जाताना म्हणाले, “आज आकडा तू घे. तूच लिही.” पहिल्यांदाच.

भिंतीच्या फटीतून जुन्या वर्तमानपत्राचा एक तुकडा निघाला होता. मी तो घेऊन खिडकीशी उभी राहिले, एकेक अक्षर लावत होते. सासूबाई दारात आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, “बघ गं, आमच्या सूनबाई वाचतायत की चित्रं बघतायत?” त्या तुकड्यावर चित्र नव्हतं. तुम्ही हसलात. मोठ्याने नाही.

हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून ते फारच लहान आहे. घरोघरी याहून मोठं बोललं जातं आणि लोक जेवायला एकत्र बसतात. पण त्या दिवशी मला त्या घरात आणखी एक रात्र काढायची नव्हती. सुया टोचल्या. आकडा आला बावीस. बावीस म्हणजे अजून दोन-तीन दिवस मुक्काम. मी लाकडावर चौदा लिहिलं.

हे आले. मी म्हटलं, “झालं, कोरडं आहे.” मी बादल्या धुवायला मागे गेले, येईपर्यंत ह्यांनी फळ्या ठोकायला घेतल्या होत्या. संध्याकाळच्या बसने आम्ही निघालो.

बावीसचा अर्थ काय होता, ते मला आता कळतं. चार दिवस वाळवूनही लाकूड वाळत नाही, म्हणजे पाणी अजून येतंय. तेव्हाच्या प्लंबरने सांधा बसवला होता, पण तो गळत होता. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर तो थेंब दिसला असता. आम्ही त्याच्यावर भिंत बांधली. सासूबाई त्या भिंतीला डोकं करून तीन वर्षं झोपल्या. डॉक्टर म्हणाले होते वय, जुना दमा, ओल, सगळंच. किती वय आणि किती ओल, ते त्यांनी सांगितलं नाही. मी स्वतःला विचारते, तेव्हा उत्तर रोज वेगळं येतं.

आई गेल्यावर तुम्ही कपाट हलवलंत, भिंत पाहिलीत आणि ह्यांना म्हणालात, “परक्यांच्या घरी जीव तोडून काम करतोस आणि सख्ख्या आईच्या खोलीत पाट्या टाकल्यास.” हे म्हणाले, “चूक माझी आहे, ताई.” एवढंच. मी शेजारी उभी होते. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी तुमच्यापुढे धरला. तोंड उघडलं नाही. भिंतीवर तुम्ही दुसऱ्याकडून नुसता रंग देऊन घेतलात, आणि त्यानंतर भावाशी बोलला नाहीत. हे गेले तेव्हा आलात, चपला न काढता उंबऱ्यात उभ्या राहिलात आणि गेलात. तेव्हाही मी बोलले नाही. मेलेल्या माणसाला दोष दिला तर त्याला लागत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. खोटी होती. मला रोज लागायचं.

आता भिंत मला एकटीला का उघडायची होती, ते तुम्हाला कळलं असेल. ते चौदा मला घासून टाकायचं होतं. तुमचं पत्र आलं तेव्हा देवाने हातात किल्ली दिली असं वाटलं. त्या कामवाल्यांनी भोक पाडलं का, हे मी त्यासाठीच विचारलं होतं.

बुधवारी दुपारी शेवटची फळी काढली. उभ्या लाकडावर काळी पूड होती. ओल्या फडक्याने टिपली, खाली माझं चौदा होतं, लहान मुलाच्या हातासारखं वाकडं. तारेचा ब्रश घेतला आणि एक हात मारला. मग थांबले. चौदाच्या खाली अजून पूड होती आणि तिच्या आडून पेन्सिलीची रेघ दिसत होती. ती टिपली.

तिथे ह्यांच्या अक्षरात लिहिलंय: ‘२२. महिन्याने पुन्हा उघडणे.’

मी बादल्या धूत होते, तेवढ्या वेळात ह्यांनी परत मोजलं होतं. वन्सं, ह्यांना माहीत होतं. माझ्या आकड्यावर काट मारली नाही. त्याच्या खाली खरा आकडा लिहिला, मला काही बोलले नाहीत, भिंत बंद केली आणि मला घरी घेऊन आले.

आणि मग आठवलं. महिन्याने हे मला म्हणाले होते, “आईच्या भिंतीकडे एकदा बघून येऊ.” मी म्हटलं, “त्या घराची पायरी मी चढणार नाही. तुम्ही गेलात तर परत याल तेव्हा मी इथे नसेन.” वर्षभरात त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना माझ्याकडे बघत नव्हते, बुटाची नाडी बांधत होते. मला वाटायचं आईच्या ओढीने विचारतायत. मी तीनदा नाही म्हटलं. मी त्यांच्यापासून लपवते आहे असं मी नऊ वर्षं समजत होते, आणि ते माझं लपवणं माझ्यासाठीच लपवत होते. एका घरात, एका ताटाशी बसून.

तुमच्या भावाचं नाव धुऊन निघेल एवढंच मला या पत्रातून हवं होतं. पण ते पूर्ण धुतलं जात नाही. ओली भिंत त्यांनी बंद केली, हे खरं आहे. तुम्हाला राग येईल आणि तो दोघांवर वाटून येईल. माझ्याकडचा वाटा मोठा ठेवा. खोटं मी लिहिलं. उघडायला जायचं होतं तर मी अडवलं. ते ‘चूक माझी’ म्हणाले, तेव्हा मी तांब्या पुढे केला.

गुरुवारी सकाळी मिस्त्री आले. मी ब्रश धरून जमिनीवर बसले होते. म्हणाले, “वहिनी, ब्रश उलटा धरलाय.” मग लाकडाकडे बघितलं. “साहेबांचं अक्षर,” म्हणाले. “घासून टाकू?”

“नको.”

“बरं. मग मी काही पाहिलं नाही.”

“नाही मिस्त्री. तुम्ही पाहिलंय.”

ते तिकडे जाऊन चहा करत बसले. साखर तेव्हाच संपली.

बाकीचं सगळं लाकूड घासून स्वच्छ केलं आहे. ती वीतभर जागा सोडली आहे. माझ्या चौदातल्या एकावर ओरखडा दिसेल, तो गेल्या बुधवारचा आहे, तोही मी लपवत नाही. तुम्ही बघून घेतलंत की मिस्त्री ती जागा साफ करतील. नातीच्या खोलीत बुरशीचा कण राहता कामा नये, मग तो कुणाच्याही अक्षरावर असो.

मी आज निघते. भिंत उघडी आहे. यंत्र चालू ठेवलंय, बादली शेजारच्या बाई ओततील. तुम्ही आलात की दारामागे नवा मास्क टांगलाय, तो लावल्याशिवाय आत जाऊ नका, कितीही रागात असलात तरी. आणि दार आपटू नका, प्लास्टिक फाटतं.

ओल मोजायचं यंत्र खिडकीत ठेवलंय, शेजारी पेन्सिल. बटण दाबा, दोन्ही सुया लाकडात टोचा, आकडा स्थिर होईपर्यंत धरा. आज सकाळी एकोणीस होता, पण माझ्या शब्दावर जाऊ नका. तुम्ही स्वतः मोजा. आठवड्याने पुन्हा मोजा. पंधराच्या खाली आला की तिथेच लाकडावर तुमच्या हाताने लिहा आणि मला दोन ओळी टाका. मी येऊन भिंत बंद करीन. माझ्या हातून बंद व्हायला नको असेल, तर मिस्त्रींना कळवा. त्यांना सांगून ठेवलंय.

आकडा पंधराच्या वर आला तर बंद करू देऊ नका. कुणालाही. मी रडले तरी.

तुमच्या भावाची बायको