पहाटे तीनचं शहर

शनिवार, १४ जून

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. मी आणि वहिनी, आम्ही दोघी खुशाल आहोत. तूही असशीलच.

तुझं हक्कसोडपत्र पोचलं. सहल दिलीस आणि पाठोपाठ कागद आला, एवढं समजायला मला शिकवणी लावावी लागत नाही. बेकरीतला माझा अर्धा हिस्सा सोडायचा, म्हणजे तुझा कारभार एकहाती होईल. सही करणारही होते मी. या वयात हिस्सा कुठे घेऊन जायचा आहे? त्याबद्दल पुढे लिहिते. आधी इथली मजा ऐक.

आपण बेकरीवाले. दिवे लागायच्या सुमारास अंथरुणावर आणि तीनला भट्टीपाशी. ही खोड हॉटेलच्या गादीवरही सुटली नाही. पहिल्याच रात्री तीनला दोघींचे डोळे टक्क उघडले. खिडकीतून खाली पाहिलं तर रस्ता माणसांनी फुललेला, दुकानं उघडी, कुठेतरी वाद्यं चाललेली. वहिनीचा चेहरा उतरला. आपण दिवसभर झोपून राहिलो आणि दुसरी संध्याकाळ झाली, असं तिचं ठाम मत पडलं. मलाही ते पटलं, काय सांगू. दोघींनी घाईघाईने तोंडं धुतली, वेण्या घातल्या आणि जेवण चुकलं म्हणून हळहळत खाली उतरलो. काउंटरवरचा माणूस आमच्याकडे बघतच राहिला. अजून उजाडायचं आहे, ही सगळी माणसं झोपायचीच आहेत, असं त्याने समजावलं. आम्ही तिथेच जिन्यावर बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

मग रोजचाच नेम झाला. संध्याकाळी जगाआधी झोपायचं आणि तीनला ताज्या तोंडाने बाहेर पडायचं. बाकी लोक तोवर पेंगुळलेले असतात, काजळ फिसकटलेलं, बूट हातात. आम्ही दोघी मात्र नुकत्या न्हाऊन आलेल्या. नदीवरच्या दिव्यांच्या नावेत बसलो. एका गच्चीवर बसून अख्खं शहर पायाखाली पाहिलं. आणि हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक तळघर आहे, तिथे नाच असतो. तिथला वाढपी आमच्यासाठी खांबाजवळचं टेबल राखून ठेवतो. आम्ही आलो की वादकांना पुन्हा हुरूप येतो, असं तो म्हणतो. तुझी बायको नाचते, धाकट्या. चपला काढून, एका निवृत्त बस ड्रायव्हरबरोबर. छान नाचते. तुला हे कधी कळलं नसेल, कारण तू तिला पीठ चाळताना पाहिलंस आणि तेवढंच पाहिलंस.

मंगळवारी तिने लिंबाची चकती घातलेलं काहीतरी मागवलं. ते सरबत नव्हतं. दुसरा पेला संपला आणि माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताई, त्या रात्री ते जागे होते."

कुठली रात्र, हे मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात तशी एकच आहे. गावात गाणाऱ्यांची मंडळी आली होती आणि मी मैत्रिणींबरोबर ऐकायला गेले होते. घड्याळवाल्याच्या मुलाशी माझं लग्न ठरलेलं होतं. परतायला उशीर झाला आणि तू अडसर घातला होतास. एकदा अडसर पडला की भट्टी पेटेपर्यंत दार उघडायचं नाही, हा आपल्या घरचा नियम. तरी मी हात दुखेपर्यंत दार वाजवलं. मग पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी तीनला भट्टीही पेटली नाही. पहाटे पाव न्यायला आलेल्यांनी मला तिथे पाहिलं. दुपारपर्यंत गावभर झालं की मी रात्र बाहेर काढली, आणि संध्याकाळी घड्याळवाल्याकडून नकार आला.

तू म्हणालास, गाढ झोप लागली होती. मी मानलं. एवढंच नाही, तुझी झोप सावकाश उतरते म्हणून पुढे सगळी वर्षं भट्टी मीच पेटवली. तुझ्या खोलीवरून जाताना चपला हातात घेतल्या. ते आठवलं की आज माझीच मला चीड येते.

वहिनी म्हणाली, लग्नाच्या पहिल्या वर्षी तू तिला हे हसत हसत सांगितलं होतंस. तुझे शब्दही तिने सांगितले: "ताई लग्न होऊन गेली असती, तर पीठ कोणी मळलं असतं?"

तुला माणूस हवं होतं तर तसं सांगायचं होतंस. मी राहिलेही असते, इतकी खुळी होते मी तुझ्यावर.

तिच्याशीही मी दिवसभर बोलले नाही. जाणूनबुजून तोंड शिवून बसली होती ती. पण तिला तरी कुठे जायला जागा होती? संध्याकाळी ती माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसली आणि रडली, मीही रडले. मग दोघी झोपलो, आणि तीनला उठून नाचायला गेलो.

आता सहीचं. तुझं पत्र मी फाडलं. इथल्या एका वकीलबाईंकडून दुसरा कागद करून घेतला, तो काल नोंदलाही गेला. माझा अर्धा हिस्सा मी वहिनीला बक्षीस दिला आहे. परक्याला दिला असता तर तू भांडून, हात जोडून परत मिळवला असतास. हिच्याकडून कसा मिळवशील? रोज सकाळी तुझी अर्धी मालकीण तुझ्यासमोर चहा पिईल, आणि तू काय केलंस ते तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. ती आधी नको म्हणाली, घरात रोज महाभारत होईल म्हणाली. मी म्हटलं, होऊ दे. मग तिने सही केली.

ती पुढच्या आठवड्यात येईल. मळायला माणसं ठेवायची आहेत, ते तुम्ही दोघं बसून ठरवा. मी इथेच आहे, खोली पाहिली आहे. मला परत बोलावू नकोस.

शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. हात उचलत नाही. तू सुखाने झोपावंस, असं मला आता वाटत नाही. जागा राहा.

ताई