छपरावरचं लाल फडकं

२३ सप्टेंबर, सोमवार

वहीबाई, माफ कर. पंधरा दिवस तुला हात लावला नाही. चष्म्याची काडी मोडली होती, आज दोऱ्याने बांधली.

दुपारी रेडिओवर येत्या आठवड्याचा अंदाज ऐकला. बुधवारपर्यंत ऊन. गुरुवारी उंचावर बर्फ पडण्याची शक्यता. शक्यता! चौथी शिकलेल्या माणसाने यातून काय समजायचं? पडणार की नाही ते सांगा ना!

धाकटा भाऊ मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात आहे. दीड दिवसाची उतरण, फोन लागत नाही. आमची खूण ठरलेली – अंदाज मी ऐकायचा, धोका वाटला की छपरावर लाल फडकं लावायचं. तो रोज सकाळी दुर्बिणीतून बघतो. फडकं दिसलं की मेंढ्या घेऊन खाली.

गेल्या वर्षी चार वेळा लावलं. चारही वेळा तो दीडशे मेंढ्या हाकत आला, आणि वर आभाळ निरभ्र! चौथ्या वेळी जेवायला बसल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, तुझं फडकं बघून आता मेंढ्यासुद्धा हसतात." सगळे हसले. मीही हसलो. पण ताट अर्धं टाकून उठलो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

फडकं दोनदा बाहेर काढलं, दोनदा घडी करून ठेवलं. भावजय म्हणाली, "भाऊजी, घड्या घालूनच झिजेल ते. ऊन बघा केवढं पडलंय!"

बरोबर आहे तिचं. उद्या ऐकून ठरवू. एकदा तरी उगाच घाबरायचं नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

दुपारच्या बातम्यांत 'शक्यता' नव्हती. "जोरदार बर्फवृष्टी, आज रात्रीपासून." धडपडत शिडी चढलो. फडकं बांधलं. मान वर केली तर डोंगर ढगात गेलेला! माझं फडकं मला एकट्यालाच दिसत होतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

बर्फ.

२८ सप्टेंबर, शनिवार

शोधायला गेलेले मोठ्या वाटेने वरपर्यंत जाऊन आले. मेंढ्या वाड्यात कोंडलेल्या, जिवंत. झोपडी रिकामी. अंथरूण गुंडाळून ठेवलेलं, चूल थंड. धाकटा कुठेच नाही.

माझ्यावर विसंबून राहिला तो. फडकं नाही म्हणजे धोका नाही, असं समजला असणार.

भावजय ताट वाढते, माझ्यासमोर ठेवते, आत निघून जाते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२९ सप्टेंबर, रविवार

फडकं काढलं नाही. काढवत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

पलीकडच्या कुरणात बर्फाने अडकलेला मेंढपाळ आज खाली पोचला. दारातच बसला. म्हणाला, बुधवारी सकाळी धाकटा त्याच्याकडे आला होता. "आभाळ बघ कसं झालंय. एव्हाना दादाने फडकं लावायलाच हवं होतं. नाही लावलं म्हणजे म्हातारा नक्की पडलाय कुठेतरी. मेंढ्या कोंडल्यात, लक्ष ठेव. मी ओढ्याच्या वाटेने जाऊन बघून येतो."

ओढ्याची वाट कुणी शोधलीच नव्हती. आत्ता माणसं तिकडे निघाली आहेत. भावजयही गेली, माझी काठी घेऊन.

धाकट्या, मी पडलो नाही रे. धडधाकट आहे. जिथे असशील तिथून लवकर काहीतरी कळव.