सहा सेशनचं अंदाजपत्रक

४ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. घरात एक प्रकरण उपस्थित झालं आहे आणि प्रकरण म्हटलं की तारीखवार नोंद हवी. बावीस वर्षं सरकारी ऑफिसच्या लेखा शाखेत काढली. माझ्या, म्हणजे सुमंतरावांच्या, फाईलवर ऑडिटचा आक्षेप, असं आजवर कोणी ऐकलेलं नाही.

प्रकरण असं. सकाळी पोहे खाताना अस्मिता म्हणाली, आता आपण दोघांनी कोणाकडे तरी जाऊन बोलायला पाहिजे. मी म्हटलं, सोसायटीच्या सेक्रेटरीशी कालच बोललो, टाकीचं काम सोमवारी होते. ती म्हणाली, टाकीबद्दल नाही, आपल्याबद्दल. मॅरेज काउन्सेलर. सहा सेशन. तिच्या शाळेच्या संस्थेने तिला रामटेकच्या शाखेत मुख्याध्यापिका म्हणून विचारलं आहे. राहायला क्वार्टर आहे. १५ मार्चपर्यंत उत्तर द्यायचं आहे. त्याआधी हे करून पाहू, नाही जमलं तर मी जाते आणि तिकडेच राहते, असं ती अगदी शांतपणे म्हणाली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

दुसरा नवरा असता तर आरडाओरडा केला असता. मी जागेवरच तत्त्वतः मान्यता दिली. फक्त विचारलं, खर्च किती.

६ जानेवारी
घरखर्चाच्या वहीत नवीन लेखाशीर्ष उघडलं: ‘दांपत्य सौख्य (एकवेळ)’. तरतूद सध्या शून्य. अस्मिताला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. प्रभावित झाली असावी.

१० जानेवारी
खर्च कोणी किती उचलायचा, यावर एक न्याय्य सूत्र काढलं. ज्याच्या तक्रारी जास्त, त्याचा वाटा जास्त. अस्मिताच्या तक्रारी अकरा. माझ्या दोन (ओला टॉवेल, बहिणीशी स्पीकरवर बोलणं). म्हणजे तेरा हिश्श्यांपैकी तिचे अकरा, माझे दोन. तिने यावर बारावी तक्रार केली. नोंद घेतली.

१७ जानेवारी
पहिलं कोटेशन. रामदासपेठेतल्या वैदेही मॅडम. श्वेता म्हणून अस्मिताची मैत्रीण आहे, ती नवऱ्याला घेऊन तिथे जायची आणि आता दोघं एकत्र बॅडमिंटन खेळतात म्हणे. फी अठराशे, वेळ पन्नास मिनिटं. मिनिटाला छत्तीस रुपये. नागपुरात छत्तीस रुपयांत माणूस पोटभर नाश्ता करतो.

रिसेप्शनच्या मुलीला फोनवर काही साधे प्रश्न विचारले. तासात साठ मिनिटं असतात, उरलेली दहा कुठे जातात? एकच जण बोलला तर अर्धी फी का? कोणी रडायला लागलं तर तेवढा वेळ घड्याळ थांबवता का? सहावर एक फ्री आहे का? तिने होल्डवर ठेवलं. अकरा मिनिटं बासरी ऐकली. छान वाटलं आणि फुकट.

२५ जानेवारी, रविवार
दुसरं कोटेशन ऑनलाइन. नऊशे रुपये, पंचेचाळीस मिनिटं, मिनिटाला वीस. तिसरं मिळत नाही. तिसऱ्याशिवाय तुलनात्मक तक्ता होत नाही. तक्त्याशिवाय मंजुरी नाही.

अस्मिता म्हणाली, वैदेही मॅडमची वेळ घेऊन टाका ना, महिना संपून राहिला. मी समजावलं, एकाच कोटेशनवर काम दिलं तर ऑडिटला काय सांगणार? तिने विचारलं, आपल्या घराचं ऑडिट कोण करून राहिलं? प्रश्न बिनतोड होता. पण अज्ञानातून आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही.

२ फेब्रुवारी
ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या रुपरावला विश्वासात घेतलं. रुपराव कुहीकडचा. नोकरी सांभाळून धान लावतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, भाऊ, वहिनी बोलू म्हणते त बोला ना गा. त्याले तीन कोटेशन काहून लागते? आमची सुभद्रा रुसली का मी बांधावर तिच्याजवळ जाऊन बसतो. ती शिव्या देते, मी ऐकतो. मंग दोघं घरी येतो.

मी विचारलं, आणि खर्च? म्हणाला, एक तंबाखूची पुडी.

माणूस चांगला आहे. कार्यपद्धतीचा अभ्यास नाही. म्हणूनच बढती रखडली.

७ फेब्रुवारी
तिसरं कोटेशन सापडलं. जरीपटक्याच्या बाजारात चादरी घ्यायला गेलो होतो, वर पाटी दिसली: ‘कौटुंबिक सल्ला केंद्र. नवरा-बायकोचे वाद मिटवून मिळतील. फक्त २५१ रुपये. वेळेचं बंधन नाही.’ वेळेचं बंधन नाही म्हणजे मिनिटाचा दर जवळपास शून्यावर आणता येतो. बाजारातच उभं राहून तक्ता पूर्ण केला.

नियम स्पष्ट आहे. सर्वांत कमी दर ज्याचा, काम त्याला. माझ्या हातात काही नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
स्कूटरने जरीपटका. रस्त्यावर आज फुलांची दुकानं फार आणि ट्रॅफिक वाईट, कारण कळलं नाही.

केंद्र म्हणजे साड्यांच्या दुकानावरची खोली. सल्लागार मोहित सर. पंचविशीतला मुलगा, कडक इस्त्री, टाय. अविवाहित. हा दोष नव्हे, उलट निःपक्षपातीपणा. त्याने अस्मिताला विचारलं, आंटी, प्रॉब्लेम क्या है. ती म्हणाली, मी घरात असते तेव्हा मला एकटं वाटते आणि हे घरात नसतात तेव्हा कमी वाटते. त्याने मान डोलावली, आमची दोघांची वयं विचारली, कॅल्क्युलेटर काढला आणि पती-पत्नी संयुक्त विमा समजावून सांगितला. एक गेला तरी दुसऱ्याला एकटं वाटणार नाही, असा हप्ता होता. तो मूळचा विमा एजंट आहे.

परताव्याचा दर मला बरा वाटला. मी दोन शंका विचारल्या. तेवढ्यात अस्मिता हसायला लागली. खाली उतरेपर्यंत हसत होती, स्कूटरजवळ उभी राहून डोळे पुसत होती. किती वर्षांनी पाहिलं असं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कूलरचा पंप उलटा लागून दोघं भिजलो होतो तेव्हा ती अशी हसली होती. मला फार बरं वाटलं. सांगणार होतो, पण सिग्नल सुटला.

रस्त्यात उसाचा रस प्यायलो. परतताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आता झालं ना तुमचं कोटेशन, पुढच्या शनिवारी वैदेही मॅडमकडे जाऊ. सहाही सेशनचे पैसे मी देते.

मी म्हटलं, लाभार्थीने स्वतः पैसे भरणं ही अनियमितता होते. तिने हात काढला. बहुधा पर्स सावरायची असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार
आढावा. उद्दिष्ट: संबंध सुधारणे. खर्च: २५१ अधिक रस चाळीस. फलनिष्पत्ती: पत्नी हसली. काम अंदाजपत्रकाच्या पुष्कळ आत पूर्ण. पूर्णत्वाचा दाखला लिहून फ्रीजवर लावला.

१६ फेब्रुवारी
दाखला फ्रीजवर नाही. विचारलं तर म्हणाली, कचऱ्यात आहे, ओल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार
खर्च न वाढवता काम पुढे नेण्याचा मार्ग सापडला. कंत्राटदार न नेमता विभागामार्फत काम करणं. सेशन घरीच घ्यायचं, मीच घ्यायचं. बचत शंभर टक्के. अस्मिताने विचारलं, काउन्सेलर कोण? म्हटलं, मी. आणि नवरा? म्हटलं, तोही मी, अतिरिक्त कार्यभार. ती सोफ्यावर बसून राहिली. मग म्हणाली, ठीक आहे, घ्या. एकदा काय ते सांगूनच टाकते.

सहकार्याची भावना दिसते.

१ मार्च, रविवार. सकाळी ११
घरगुती सेशन क्र. १. इतिवृत्त मीच लिहिलं. उतरवून ठेवतो.

विषय १: मागील सेशनचा आढावा. निरंक.
विषय २: सौ. यांचं निवेदन. त्या म्हणाल्या की, आई आयसीयूत होती, तेव्हा तुम्ही कुठे होता ते आठवते का. श्री. यांनी सांगितलं की ते खाली बिलिंगच्या खिडकीवर होते. बिलात ग्लोव्हजचे जादा पैसे लावले होते. दोन तास भांडून तीन हजार चारशे परत मिळवले. सौ. म्हणाल्या की, मी तीनदा फोन केला, या म्हटलं, तुम्ही म्हणाले लाईनमध्ये आहे. तुम्ही पैसे घेऊन वर आले तेव्हा आई गेलेली होती. मी एकटी होते तिच्याजवळ. आणि तुम्ही मला नोटा दाखवल्या.
निर्णय: नोंद घेतली. रक्कम वसूल झाल्याने विषय बंद.

वाचून दाखवलं. ती ऐकून घेऊन स्वयंपाकघरात गेली. भाजी चिरत होती. मी दारात उभा राहिलो. मला म्हणायचं होतं की त्या दिवशी मला तुझ्या आईकडे पाहवत नव्हतं, म्हणून खिडकीवर थांबलो, बिल तर दहा मिनिटांत तपासून झालं होतं. पण विषय बंद झाला होता, तो पुन्हा उघडायला कारण दाखवावं लागतं.

२ मार्च
ठरलं. वैदेही मॅडम. दर काही असो. मात्र आधी वाटाघाटी.

७ मार्च, शनिवार
स्वतः क्लिनिकला गेलो. मॅडम साठीच्या, चष्मा कपाळावर. मी तक्ता पुढे ठेवला. सहा सेशन एकदम, आगाऊ पेमेंट, तर किती? त्यांनी तक्ता वाचला, जरीपटक्याच्या ओळीवर थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, सोळाशे घेईन, पण पुढच्या वेळी हा कागद घरी ठेवा आणि बायकोला घेऊन या. दोनशे कमी, सहा सेशनचे बाराशे. ही बातमी अस्मिताला लगेच सांगणार होतो, पण निधी हातात नसताना घोषणा करणं बरं नाही.

१२ मार्च
निधी. ‘गोवा सहल’ शीर्षाखाली २०१९ पासून अकरा हजार अखर्चित पडून आहेत. दरवर्षी पुढे ओढतो. ते इकडे वळवायचे. पण ऑफिसात मार्च एंडिंग. रोज घरी यायला नऊ. जेवताना अस्मिता म्हणाली, परवा शनिवार आहे, रविवारी पंधरा तारीख. काही बोलायचं आहे का? मी म्हटलं, चांगली बातमी आहे, पण सह्या व्हायच्या आहेत. कोणाच्या सह्या, तिने विचारलं. माझ्याच, मी म्हटलं.

१५ मार्च, रविवार
ऑफिसला. काही झालं नाही. बावीस वर्षांत शेवटच्या तारखेला संपलेली मुदत मी पाहिलेली नाही. ती काही बोलली नाही याचा अर्थ मुदतवाढ.

१९ मार्च, गुढीपाडवा
गुढी उभारली. अस्मिताने जुनी कपाटं काढली आहेत, पुस्तकं, साड्या खोक्यांत भरून राहिली. घर नीट लावण्याची बुद्धी झाली म्हणजे मन रमायला लागलं. श्रीखंड घेऊन आलो, अर्धा किलो, केशराचं.

२७ मार्च
सर्व सह्या पूर्ण. नऊ हजार सहाशे मंजूर. कागद फोल्डरमध्ये घालून घरी नेला. म्हटलं, अस्मिता, झालं. उद्याची पहिली वेळ मिळते. तिने पूर्ण वाचला, अगदी तळटीपांसकट. मग म्हणाली, मी चौदा तारखेलाच होकार कळवला. एक तारखेला जॉइन व्हायचं आहे. तुम्ही कामाचे माणूस आहात हो, वाईट नाही. पण मी काम नाही ना.

मी म्हटलं, मग निधी परत जाईल. दुसरं काही सुचलं नाही.

३१ मार्च
सकाळपासून ऑफिसला. दुपारी तिचा टेम्पो यायचा होता. रुपराव म्हणाला, भाऊ, घरी जा, इकडचं मी पाहून घेतो. मले काय सह्या करता येत नाही का? वहिनी जाऊन राहिली. मी म्हटलं, शेवटची बिलं आहेत. रुपरावने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. मी दुसरं घेतलं.

घरी आलो तेव्हा कुलूप होतं. ओट्यावर वरण-भात झाकून ठेवला होता आणि गॅस सिलिंडरचं बुकिंग कसं करायचं ते कागदावर लिहिलं होतं. मला रडू आलं. कोणी नव्हतं म्हणून येऊ दिलं.

४ एप्रिल, शनिवार
वैदेही मॅडमकडे गेलो. एकटाच. त्यांनी विचारलं, तिला काय सांगायचं होतं? पन्नासातली चाळीस मिनिटं मी गप्प होतो. त्यांनी घाई केली नाही. शेवटी म्हणालो, की तिच्याशिवाय मला करमत नाही, आणि आधीही करमलं नसतं, आणि त्या दिवशी हॉस्पिटलात मी घाबरलो होतो. त्या म्हणाल्या, एवढंच आहे. आज फोन करून एवढंच सांगा. दुसरं काही नाही.

घरी येताना पाठ केलं. तीन वाक्यं. सोप्या क्रमाने लावली. साडेसहाला फोन केला. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. म्हणाली, बोला. आवाज बरा वाटला, मागे कुकर होता. मला एकदम इतका आनंद झाला की शब्दच मागेपुढे झाले.

मी म्हटलं, मॅडमकडे जाऊन आलो. एकट्याची फी हजारच आहे. जोडप्यापेक्षा सहाशेने स्वस्त पडते.

तिकडे कुकरची शिटी झाली, मग दुसरी. ती म्हणाली, बरं झालं. जेवण करून घ्या. आणि फोन ठेवला. तिन्ही वाक्यं माझ्याकडेच राहिली.