हसू आलं की खांब

१२ फेब्रु. ५८, जामसंडे
आज पुन्हा. तिसरीचा वर्ग. पोरं सतराचा पाढा म्हणत होती, एवढं आठवतं. जाग आली ती हेडमास्तरांच्या आवाजाने. खडू हातातच, फळ्यावर माझ्याच अक्षरात अर्थ नसलेली ओळ. हे. मा. जवळ येऊन म्हणाले, "तोंड उघडा बघू." पोरांसमोर वास घेतला माझा! दारूबंदीच्या दिवसांत मास्तर पितो म्हणजे नोकरी गेलीच. वास कुठून येणार? जन्मात थेंब घेतलेला नाही. तरी त्यांची खात्री पटलेली दिसली नाही. आईला सांगितलं नाही.

१६ फेब्रु.
शेजारच्या काकूंचे जावई मुंबईला डॉक्टर, सुटीवर आलेत. लाजत लाजत गेलो. त्यांनीच विचारलं, "हसलात की गुडघे ढिले पडतात का?" हे कुणालाच सांगितलेलं नाही. हसू आलं की खांब धरतो, नाहीतर मटकन खाली. शुद्ध सगळी असते, अंग तेवढं ऐकत नाही. म्हणाले, नार्कोलेप्सी. झोपेचाच आजार, आळस नव्हे, फिट नव्हे. जाग येताना उरावर कोणी बसल्यासारखं होतं, तेही त्यातलंच. (आईने त्यापायी गावच्या राखणदार देवचाराला नारळ दिलेत!) बरा होत नाही. दुपारी ठरवून थोडं निजायचं, गोळ्या ते पाठवतील. परत येताना रडलो. कुणीतरी आळशी नाही म्हणालं.

१७ फेब्रु.
आईला सगळं सांगितलं, शाळेतलंही. वाटलं होतं, तिलाही हलकं वाटेल. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबू, ह्या भायर सांगू नको. दारू काय, आज ना उद्या सुटता. दुखणा रक्तात आसा म्हटला तर शालूक कोण करून घेतलो?" बहिणीचं मसुऱ्याचं स्थळ अजून पक्कं व्हायचंय. म्हणजे भाऊ दारुडा चालेल, आजारी नको.

२ मार्च
मसुऱ्याहून मुलाचे मामा आले. चहा झाल्यावर मला अंगणात नेलं. "मास्तर, रागावू नकात. शाळेतला आयकलंय. घेतास?" आई दारात उभी. म्हटलं, "कधीमधी."
"सोडतलास मा?"
"सोडतंय."
मामा खूश. पाठीवर थाप मारून, "मगे काय! आमचेय घेतत." मला हसू यायला लागलं. सावलीच्या मांडवाचा खांब धरून उभा राहिलो. त्यांना वाटलं असेल, आजही घेतलीय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च
मसुऱ्याचा होकार आला. शालू विहिरीवर होती, आईने पडवीतूनच ओरडून सांगितलं. शालू हसली नि कळशी सोडून मटकन बसली. मान छातीवर. क्षणभरच. मग उठून पदर झटकला. आई कौतुकाने, "बघ, खुशीन पाय गेले पोरीचे."
संध्याकाळी तिला एकटीला गाठलं. "शाले, आधी कधी झालं होतं?" "दादा, आईक सांगू नको." किती दिवस लपवतेय, कुणास ठाऊक. माझ्यासारखीच.
इथे तरी खरं लिहितो. ती कोसळली तेव्हा काळजी नंतर वाटली. आधी बरं वाटलं, मी एकटा नाही म्हणून. शी.
उद्या मामा मुहूर्त ठरवायला येणार. अंगणात पुन्हा मलाच नेतील.