कुमरीचा धूर आणि दांड्याचा तेजोमेघ

माघ व. ३
'सुप्याच्या कुमरीकरांनो, हे रान तुमच्या आज्यांनी राखलं, आणि आज त्यात कोयता घेऊन शिरलात की सरकारच्या लेखी तुम्ही चोर!' बाजारात एवढंच म्हणालो आणि बसलेली माणसं उठली. रान तोडून भाजायचं आणि राखेत पेरायचं, ही कुमरी; राख नाही तर नाचणी नाही. देवीला फूल लावून ते कुठल्या बाजूला पडतं यावर कौल घेणं, हे थोतांड! भाजा, भिऊ नका! घसा बसलाय.
संध्याकाळी दुर्बीण. अगस्त्याच्या उजवीकडे, वर. तेजोमेघ सापडला. काचेवर श्वास पडावा तसा पुसट डाग. मासिकातल्या छायाचित्रात याच्या मधोमध सरळ दांडा आहे आणि दांड्याच्या दोन टोकांतून दोन बाहू वळतात. बहुतेक सर्पिल तेजोमेघांचे बाहू गाभ्यातूनच निघतात. याचं असं का, कुणी सांगत नाही. आपल्याच आकाशगंगेतला धुरळा की दूरचं निराळं विश्व, यावर पंडित भांडताहेत. भांडोत. मला तो दांडा या डोळ्यानं पाहायचाय.

माघ व. ६, बेळगाव
डॉक्टर स्पष्ट बोलले. काचबिंदू. डावा गेलाच, उजव्याची नजर कडांकडून मिटत येणार.
अंधुक वस्तू डोळ्याच्या कडेनंच दिसते, थेट पाहिलं की विझते. म्हणजे नेमकं तेच...
पुढच्या माघात काय उरेल?

माघ व. ९
परत सुप्यात. डाग लांबट वाटला. क्षणभर रेघ? की मला हवी होती म्हणून? डोळा पाणावला, गेली. अवसेनंतर चांदणं, आणि पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यात तो डोंगराआड.

माघ व. ११
देऊ गावकार आला, हसत. कुमरीत त्याचा शब्द चालतो.
'अण्णा, देवीनं उजवं फूल दिलं, भाजा म्हणाली. डावं पडलं असतं तर थांबाय लागलं असतं. उद्या कुमरी भाजायची. तुमच्या भाषणानं पोरांच्या अंगात वारं भरलंय!'
देवीच्या नावानं राखलेल्या तुकड्याला आधी आग लागली की सगळ्या डोंगराला लावायची, ही इथली रीत. मग धूर खोऱ्यात बसतो तो बसतोच, आभाळ दिसत नाही.
'एक दिवस थांबा,' म्हटलं.
'का वो? जंगलाचे गार्ड हल्याळला गेल्यात. अवसेला परत येतील. आता साहेबाला भ्यालासा व्हय?'
मी! साहेबाला!
अक्का चुलीपासून म्हणाली, 'भाजा भाजा म्हणून कोण बोंबलत होतं? आता खा धूर.' थोरली बहीण आहे, सोडायची नाही.
आज ढग. काहीच दिसलं नाही.

माघ व. १२, पहाटे
आभाळ धुतल्यासारखं. आजची संध्याकाळ तेवढी राहिली. एक दिवस लांबलं आणि गार्ड लवकर आले तर पोरं बेडीत जातील, नाचणी जाईल. माझ्या एका डागासाठी. हे मागायची लाज वाटते, तरी पायात वहाणा चढवल्याच. ज्या कौलाला मी भर बाजारात थोतांड म्हणालो, त्याच्याच पाया पडायला निघालोय.
देऊच्या दारात फार बोलायचं नाही. डोळ्याचं खरं सांगायचं, आणि एवढंच: देऊ, काडी ओढण्याआधी देवळात चल आणि देवीला पुन्हा एकदा फूल लाव.